कोणत्या भागाची आयपीए सरस? वाद घालण्याआधी तुलना अशी करा

आम्ही चौघांनी पहिल्यांदा आयपीएची, म्हणजे इंडिया पेल एल या कडवट बिअरची, तुलना केली तेव्हा टेबलावर आठ बाटल्या होत्या आणि दोन तास नुसता वाद झाला. दोघे वेस्ट कोस्टच्या, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या शैलीच्या बाजूचे, दोघे न्यू इंग्लंडच्या, म्हणजे तिथल्या ईशान्य भागाच्या. शेवटी वेस्ट कोस्टच्या तिन्ही बाटल्या ‘मचूळ’ ठरवून आम्ही उठलो. दुसऱ्या दिवशी बाटल्या आवरताना मी त्यांच्यावर छापलेल्या तारखा वाचल्या. जिंकलेली बिअर पाच आठवड्यांची होती आणि हरलेल्या तिन्ही सात महिन्यांपूर्वी भरलेल्या. प्रदेशांची तुलना राहिली बाजूला, आम्ही ताज्या बिअरला शिळ्या बिअरशी लढवलं होतं.

त्यानंतर बऱ्याच बैठका झाल्या, पुस्तकं वाचली, बिअर बनवणाऱ्यांना प्रश्न विचारले. आता तुलनेची एक पद्धत हाताशी आहे. दोन-चार आयपीए पिऊन झाल्या आहेत, त्यांच्यातला फरक जाणवतो, पण तो नेमका कशात आहे हे सांगता येत नाही, अशांसाठी हा लेख आहे. कायद्याने पिण्याचं वय झालेलं असावं. गरोदरपणात किंवा अल्कोहोलशी न जुळणारी औषधं चालू असताना या वाटेला जाऊ नका. बैठकीनंतर कुणीही गाडी चालवायची नाही.

लागणारं साहित्य

- चार ते सहा आयपीए, प्रत्येकीची भरल्याची तारीख माहीत असलेली
- एकाच आकाराचे काचेचे ग्लास, माणशी जितक्या बिअर तितके
- रंग दिसू नये म्हणून काही अपारदर्शक कप
- मार्कर, कागद, पेन
- साधा थर्मामीटर
- भरपूर साधं पाणी, तोंडाची चव पुसायला कोरा ब्रेड
- थुंकण्यासाठी एक भांडं
- बिअर ओतणारा एक माणूस, जो त्या फेरीत चव घेणार नाही

शेवटचा माणूस मिळत नसेल तर बैठक पुढे ढकला. बाकी सगळ्याला पर्याय निघतो, त्याला निघत नाही.

१. आधी प्रश्न ठरवा

‘सगळ्यात चांगली कोणती?’ या प्रश्नातून फक्त भांडण निघतं, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न गुंतलेले असतात. एकाच शैलीच्या चार बिअरपैकी कोणती उत्तम जमली आहे, हा पहिला. दोन शैलींपैकी मला कोणती आवडते, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बऱ्याच अंशी पडताळून पाहता येतं. दुसरं तुमच्या जिभेचं आहे आणि त्यावर कुणी तुम्हाला खोटं पाडू शकत नाही. आज कोणता प्रश्न घेतला आहे तो कागदावर सगळ्यात वर लिहा. पहिल्या चार-पाच बैठका पहिल्याच प्रश्नावर घाला, असं मी आग्रहाने सांगेन.

२. प्रदेशांची ओळख करून घ्या

प्रत्येक प्रदेशाची आयपीए वेगळं काहीतरी साधायला निघालेली असते. ते माहीत नसेल तर लिंबाला आंबट म्हणून नापास केल्यासारखं होतं.

इंग्लंडपासून सुरुवात करू. लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीजवळ बो इथे जॉर्ज हॉजसनची ब्रुअरी, म्हणजे बिअर बनवण्याचा कारखाना, होती. जहाजांच्या कप्तानांना तो लांब मुदतीची उधारी द्यायचा आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची पेल एल ही फिकट रंगाची बिअर भारताकडे जाऊ लागली. भारतात टिकावी म्हणून त्याने मुद्दाम ही बिअर शोधून काढली, ही गोष्ट तुम्हाला जागोजागी ऐकायला मिळेल. तिला आधार नाही. जास्त हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घातलेली फिकट एल आधीपासूनच होती आणि त्याच जहाजांतून पोर्टर ही काळीभोर बिअरही भरपूर जायची. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे शब्द तर १८२९ मध्ये सिडनीच्या एका वर्तमानपत्राच्या जाहिरातीत सापडतात.

पुढे हा धंदा बर्टन-ऑन-ट्रेंटच्या ऑलसप आणि बास या ब्रुअरींनी हातात घेतला. बर्टनच्या विहिरींचं पाणी जिप्समच्या थरांतून येतं, म्हणून त्यात सल्फेट भरपूर असतं. सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा कोरडा आणि टोकदार लागतो. आज जगभरचे ब्रुअर पाण्यात जिप्सम घालून तोच परिणाम साधतात. इंग्लिश आयपीएत मातकट, फुलांसारखा, गवती वास येतो आणि मागे बिस्किटासारखी माल्टची (मोड आणून वाळवलेल्या जवाची) चव असते. अमेरिकन बिअर पिऊन झाल्यावर ती फिकी वाटते, म्हणून तिला नेहमी आधी घ्या.

वेस्ट कोस्टची कथा हॉपच्या एका वाणापासून सुरू होते. १९७२ मध्ये ऑरेगनमधल्या संशोधनातून कॅस्केड हा वाण बाजारात आला. त्याचा ग्रेपफ्रूटच्या सालीसारखा वास तेव्हाच्या ब्रुअरना परका होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ मध्ये लिबर्टी एलमध्ये तो वापरला, तोही ड्राय हॉपिंग करून, म्हणजे आंबवण होत आल्यावर किंवा झाल्यावर थेट बिअरमध्ये हॉप्स घालून. १९८० मध्ये सिएरा नेवाडा ब्रुअरीची पेल एल आली आणि कॅस्केड घराघरांत पोचला. १९९४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ब्लाइंड पिग ब्रुअरीत विनी सिलुर्झो यांनी हॉप्स दुपटीच्या घरात नेऊन डबल आयपीए केली. या परंपरेची ओळख अशी: स्वच्छ, पारदर्शक रंग, माल्ट जेमतेम, वास पाइनच्या राळेचा आणि लिंबूवर्गी सालींचा, आणि शेवट खणखणीत कडू.

न्यू इंग्लंडची शैली व्हर्मॉन्टमध्ये उगवली. वॉटरबरीच्या द अल्केमिस्ट ब्रुअरीने हेडी टॉपर ही बिअर २००४ मध्ये आपल्या पबमध्ये ओतायला घेतली. २०११ मध्ये ती कॅनमध्ये येऊ लागली आणि त्याच वर्षी आयरीन वादळाच्या पुरात तो पब उद्ध्वस्त झाला. या शैलीत ओट्स आणि गहू असतात, म्हणून बिअर गढूळ आणि अंगाने मऊ होते. पाण्यात सल्फेटऐवजी क्लोराइडचं पारडं जड ठेवतात. हॉप्स मुख्यतः शेवटी पडतात, त्यामुळे कडवटपणा कमी आणि फळांचा वास दरवळणारा: आंबा, पीच, पॅशनफ्रूट. काही वास यीस्ट स्वतः घडवतं, हॉप्समधल्या तेलांचं रूप बदलून. मला हा भाग अजूनही विलक्षण वाटतो. एकच हॉप वेगळ्या यीस्टसोबत वेगळंच बोलतो. अमेरिकेच्या ब्रुअर्स असोसिएशनने २०१८ मध्ये या गढूळ बिअरना आपल्या शैलींच्या यादीत स्वतंत्र जागा दिली.

दक्षिण गोलार्धही विसरू नका. न्यूझीलंडच्या नेल्सन सॉविन हॉपला पांढऱ्या द्राक्षांच्या वाइनसारखा वास येतो आणि ऑस्ट्रेलियाच्या गॅलक्सीला पॅशनफ्रूटसारखा.

इथे नवखे एका ठिकाणी फसतात. ‘वेस्ट कोस्ट’ हे आता शैलीचं नाव झालं आहे. किनाऱ्यापासून हजारो मैल दूर बनलेल्या बिअरवरही ते असतं आणि कॅलिफोर्नियात बनलेल्या कित्येक आयपीए गढूळ असतात. बिअर कुठे बनली हे एका रकान्यात लिहा आणि कोणत्या शैलीची आहे हे दुसऱ्यात.

३. विकत घेताना तारीख पाहा

या लेखातलं एकच काही लक्षात राहणार असेल तर ही पायरी राहू द्या. आयपीएचा जीव हॉप्सच्या वासात असतो आणि तो वास दिवसागणिक उडतो. बाटलीत शिरलेला थोडासा ऑक्सिजनही पुरतो. आधी फळांचा वास जातो, मग गोडसर, मधासारखी चव पुढे येते आणि शेवटी भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. गढूळ आयपीए सगळ्यात लवकर खचते. ग्लासात तिचा रंग पिवळ्याचा करडा किंवा तपकिरी झालेला दिसला की काय झालं ते समजा.

लेबलवर ‘भरल्याची तारीख’ आणि ‘या तारखेपर्यंत उत्तम’ अशा दोन प्रकारच्या तारखा असतात. तुम्हाला पहिली हवी. दुसरी ब्रुअरीने आपल्या अंदाजाने ठरवलेली असते. कुणी तीन महिने धरतं, कुणी वर्ष. तारीखच नसेल तर ती बिअर तुलनेत घेऊ नका, मग तिचं नाव कितीही मोठं असो. माझा नियम असा: सगळ्या बिअर भरल्यापासून दोन महिन्यांच्या आतल्या, आणि आपापसांत फरक तीन आठवड्यांपेक्षा जास्त नाही.

दुकानात ती कुठे ठेवली होती तेही पाहा. फ्रीजमधली घ्या, खिडकीतली नको. उजेड पडला की हॉप्समधली कडू द्रव्यं फुटतात आणि स्कंक या प्राण्याच्या फवाऱ्यासारखी दुर्गंधी तयार होते. पारदर्शक आणि हिरव्या काचेत हे उन्हात काही मिनिटांत घडू शकतं. तपकिरी काच बराच उजेड अडवते आणि कॅन पूर्ण अडवतो.

४. जोड्या बरोबरीच्या लावा

साडेपाच टक्के अल्कोहोलची बिअर साडेआठ टक्क्यांच्या शेजारी ठेवली तर दुसरी दाट आणि गोड लागणारच, आणि पहिल्या फेरीत तीच जिंकणार. सगळ्यांत मिळून एका टक्क्याहून जास्त फरक नको. डबल आयपीएची बैठक वेगळी ठेवा.

प्रत्येकी साठ मिलिलिटर पुरे. सहा बिअरचे मिळून ३६० मिलिलिटर होतात, म्हणजे एखादी बाटली प्यायल्याइतकंच. त्याहून जास्त ओतलं की चौथ्या ग्लासानंतर सगळीच बिअर चांगली लागायला लागते. कडवटपणा जिभेवर साचत जातो, म्हणून प्रत्येक बिअरनंतर पाणी, ब्रेडचा तुकडा आणि दोन मिनिटं थांबणं.

५. ग्लास आणि तापमान

ग्लासाला साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला असेल तर फेस लगेच बसतो आणि कडेला बुडबुडे चिकटतात. ग्लास गरम पाण्याने धुवा, उपडे ठेवून हवेत वाळवा, फडक्याने पुसू नका. हेडी टॉपरच्या कॅनवर ‘कॅनमधूनच प्या’ असं छापलेलं असतं, पण तुलना करायची असेल तर तीही ग्लासात ओता, कारण कॅनच्या भोकातून वास पुरेसा पोचत नाही.

बिअर ७ ते १० अंश सेल्सिअसला असू द्या. फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवली की साधारण तिथे येते. बर्फगार बिअरमध्ये वासही लपतो आणि दोषही.

६. नाव न सांगता ओता

लेबल दिसलं की जीभ त्याच्यामागे जाते. हे माझ्याबाबतीत इतक्यांदा घडलं आहे की मी आता लेबल पाहून दिलेल्या स्वतःच्या मताला काडीचीही किंमत देत नाही.

ओतणाऱ्याने दुसऱ्या खोलीत ओतावं. ग्लासांवर १, २, ३ किंवा अ, ब, क लिहू नये, कारण पहिल्या अक्षराला नकळत झुकतं माप मिळतं. ४७१, ८२६ असे कसेही आकडे टाकावेत आणि कोणता आकडा कुणाचा ते आपल्याकडे लिहून ठेवावं. एका कॅनमधून सगळ्यांचे ग्लास एकाच दमात भरावेत, थोडं थोडं फिरवत. नाहीतर तळाचा गाळ शेवटच्याच्या वाट्याला येतो आणि तो माणूस वेगळीच बिअर प्यायलेला असतो.

गढूळ आणि पारदर्शक बिअर एका फेरीत असतील तर नुसत्या नजरेनेच ओळख पटते. त्यासाठी ते अपारदर्शक कप.

दोन बिअरमध्ये खरंच फरक जाणवतो का, हे पाहायचं असेल तर तीन ग्लासांची परीक्षा घ्या. दोन ग्लासांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळी कोणती ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतंच. सलग तीनदा बरोबर आलं तर तो योगायोग असण्याची शक्यता २७ मध्ये एक उरते. ज्या दोन बिअरवरून आमच्यात वर्षभर खटके उडत होते, त्या या परीक्षेत आम्हा चौघांपैकी फक्त एकीला ओळखता आल्या.

७. आधी हुंगा, मग घोट, मग लिहा, आणि शेवटी बोला

क्रम मोडू नका. ओतल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात वास सगळ्यात भरभरून येतो. मग मोठासा घोट घ्या, तोंडभर फिरवा. कडवटपणा जिभेच्या मागच्या बाजूला आणि घशाशी उशिरा पोचतो, म्हणून नुसतं थुंकून टाकलं तर आयपीएचा निम्मा हिशेब चुकतो. पहिला घोट गिळा आणि पुढचे थुंकलेत तरी चालेल.

वास लिहिताना पुस्तकी शब्द शोधू नका. नाकाला जे आठवलं ते लिहा. ‘ओलं गवत’, ‘पेन्सिल तासल्यावरचा भुसा’, ‘संत्र्याची साल सोलताना उडालेला तुषार’ हे ‘उष्णकटिबंधीय’पेक्षा कितीतरी उपयोगी आहे. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. एकाने ‘आंबा’ म्हटलं की पुढच्या मिनिटाला सगळ्यांना आंबा येतो.

गुण देण्यासाठी बीजेसीपी या परीक्षकांच्या संस्थेची ५० गुणांची विभागणी मला सोयीची वाटते: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. दिसण्याला फक्त तीन, याकडे लक्ष द्या. गढूळ की नितळ यावरून ज्या भांडणांत संध्याकाळ जाते, त्या मुद्द्याची किंमत पन्नासात तीन आहे.

आवडनिवड बाजूला ठेवून दोष म्हणून नोंदवायचे वास हे:

- लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा: डायअसिटिल. ड्राय हॉपिंगमध्ये हॉप्सबरोबर आलेली एन्झाइम्स उरलेल्या साखरा फोडतात, आंबवण पुन्हा सुरू होतं आणि ते पूर्ण होण्याआधीच बिअर भरली तर हा वास राहतो.
- कच्च्या सफरचंदाचा: यीस्टला पुरेसा वेळ मिळाला नाही.
- उकडलेल्या मक्याचा: माल्टपासून आलेला, बहुधा उकळी कमी पडल्यामुळे.
- जुनाट चीजचा: हॉप्सच शिळे होते.
- पुठ्ठ्याचा आणि स्कंकचा: वर सांगितलेच आहेत.

शेवटचे दोन दिसले तर ब्रुअरीला बोल लावण्याआधी दुसऱ्या दुकानातून तीच बिअर आणून पाहा.

८. आता वाद घाला

कागद उलटले, नावं कळली की बोलायला सुरुवात करा. वाद बहुतेक वेळा कडवटपणावर येतो आणि कुणीतरी आयबीयूचा आकडा काढतं. हा आकडा ढोबळमानाने एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम कडू द्रव्य आहे ते सांगतो. जिभेला किती कडू लागेल ते सांगत नाही. ६० आयबीयूची गोडसर, दाट बिअर ४५ आयबीयूच्या कोरड्या बिअरपेक्षा सौम्य लागू शकते. बीजेसीपीच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत अमेरिकन आयपीएला ४० ते ७०, इंग्लिशला ४० ते ६० आणि गढूळ आयपीएला २५ ते ६० अशा मर्यादा आहेत. म्हणजे ५० आयबीयूची बिअर तिन्हींपैकी कुठेही बसते.

‘कडू नाही तर ती आयपीएच नव्हे’ असं म्हणणारे इतिहासाची साक्ष काढतात. मला ती साक्ष टिकत नाही असं वाटतं. बर्टनची मूळ आयपीए पिंपांत महिनोन् महिने मुरायची, मग समुद्रावर आणखी काही महिने. आज आपण सात महिन्यांची आयपीए शिळी म्हणून बाजूला सारतो. इतिहासालाच पंच नेमायचं तर आजची वेस्ट कोस्टही बाद होईल.

माझं मत मी अनेक बैठकांनंतर असं ठरवलं आहे की चांगली आयपीए घोटाच्या शेवटी कळते. सुरुवातीचा वास कुठलीही बिअर मिळवू शकते, पुरेसे महाग हॉप्स ओतले की झालं. घोट गिळल्यानंतरच्या दहा सेकंदांत मात्र सगळं उघडं पडतं. वेस्ट कोस्टचा कडवटपणा चढावा आणि मग मागे काही न चिकटवता ओसरावा. जीभ कोरडी व्हावी पण खरखरीत होऊ नये. गढूळ आयपीएचा मऊपणा साखरेच्या पाकाकडे न जाता सुटावा. इंग्लिश आयपीएत हॉप्स गेल्यावर माल्ट एकटा मागे राहिला तरी तो ऐकावासा वाटावा. आमच्यातल्या एकाला हे अजिबात मान्य नाही. त्याच्या मते वास हाच आयपीएचा आत्मा आहे आणि शेवटाला मी फाजील महत्त्व देतो. त्याचे गुण आणि माझे गुण दर वेळी वेगळे येतात, आणि त्या फरकातूनच मी सगळ्यात जास्त शिकलो.

गढूळ बिअरमध्ये घशाशी मिरमिर, राख लागल्यासारखी खरखर जाणवली तर तिला कडवटपणा समजू नका. ते तरंगणाऱ्या हॉप्सच्या कणांचं आणि त्यातल्या तुरट द्रव्यांचं काम असतं. भरून चार-पाच दिवसच झालेल्या कॅनमध्ये हे बरेचदा आढळतं आणि फ्रीजमध्ये आठवडा-दोन आठवडे उभं ठेवल्यावर कमी होतं. ताजेपणाच्या नियमाला एवढा एक अपवाद मी मानतो.

९. तीच बैठक पुन्हा घ्या

दोन-तीन आठवड्यांनी त्याच बिअरचे ताजे कॅन, आकडे बदलून. या वेळी ओतणाऱ्याने एक बिअर गुपचूप दोन ग्लासांत द्यावी. त्या दोन ग्लासांना तुम्ही दिलेल्या गुणांतलं अंतर हीच तुमची चूकभूल. माझं अंतर पहिल्यांदा नऊ गुणांचं निघालं, म्हणजे दोन बिअरमध्ये पाच गुणांचा फरक दाखवून मी जे निकाल लावत होतो ते सगळे पोकळ होते. आता ते तीनच्या आसपास असतं.

आणि एक प्रयोग पहिल्याच खरेदीच्या दिवशी सुरू करा. एकाच आयपीएचे एकाच तारखेचे दोन कॅन घ्या. एक फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसरा बाहेर कपाटात, महिनाभर. मग दोन्ही एकाच तापमानाला आणून तीन ग्लासांच्या परीक्षेत बसवा.